श्राव्यातीत ध्वनी : सोनोग्राफीपासून उपचारापर्यंत



या अंकातील विज्ञानाचा पाठ आम्ही मुद्दाम थोडा वेगळा घेतला आहे. गेल्या सत्रात वर्गशिक्षकांकडून आमच्याकडे रजेचे जे अर्ज आले, त्यांत 'आईचे ऑपरेशन' हे कारण अनेकदा वाचावे लागले. मुलीला जवळ बोलावून विचारले की बहुधा एकच उत्तर मिळे, "मम्मीची पिशवी काढायची आहे." आईचे वय तिशी-पस्तिशीचे. सोनोग्राफीत गाठ दिसली, कोणीतरी 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असे सांगितले आणि दोन दिवसांत निर्णय झाला. त्याच सुमारास नववीच्या वर्गात 'ध्वनी' हा धडा चालू होता. ज्या ध्वनीने ती गाठ दिसली, त्याच ध्वनीने अशा काही गाठींवर चिरा न देता उपचारही करता येतो, ही गोष्ट वर्गात सांगितल्यावर मुले चकित झाली. घरी जाऊन त्यांनी ती सांगितली असेल, नसेल. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम नावाविषयी. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमच्या पुस्तकात याला 'पराश्रव्य' म्हणत. मराठी पुस्तकांत 'श्राव्यातीत ध्वनी' असा सुरेख शब्द आहे, म्हणजे जे ऐकू येण्याच्या पलीकडे आहे ते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्याच्या वर आपल्या दृष्टीने शांतता असते, वटवाघळाच्या दृष्टीने मात्र नसते. पोटाच्या सोनोग्राफीत साधारण २० ते ५० लाख कंपने प्रतिसेकंद एवढा वरचा ध्वनी वापरतात. काही विशिष्ट स्फटिकांना दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट बाजूने, अशा स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो. आजच्या सोनोग्राफीच्या यंत्राचा पाया हाच आहे.

मकरपुऱ्यातील मुलांना हे समजावणे आम्हाला सोपे जाते. आपल्या अनेक पालकांची नोकरी जी.आय.डी.सी.त आहे. टाकीचे किंवा प्रेशर व्हेसलचे वेल्डिंग झाले की जोड आतून पक्का आहे की नाही हे पाहायला अल्ट्रासोनिक टेस्टिंग करतात. जोडावर थोडे ग्रीस किंवा ऑईल लावायचे, त्यावर प्रोब फिरवायचा. ध्वनी पोलादात शिरतो, आत भेग किंवा पोकळी असेल तर तेथून परत येतो आणि पडद्यावर रेघ उसळते. दवाखान्यात पोटावर थंडगार जेली लावतात तिचे काम त्या ग्रीससारखेच आहे. प्रोब आणि कातडी यांमध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच मागे फिरतो. जेली ती हवा काढून टाकते.

हे साम्य योगायोगाचे नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगांचे प्राध्यापक होते. १९५५ च्या जुलै महिन्यात ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या व अंडाशयाच्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत भरून थेट बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स हा तो कारखाना. तेथील वेल्डिंग तपासण्याच्या यंत्राने त्यांनी त्या गाठी तपासल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्यांना स्पष्ट दिसले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता म्हणे! १९५८ मध्ये डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला आणि स्त्रीरोगांत सोनोग्राफीचे युग सुरू झाले. ज्यांचे वडील क्वालिटी विभागात आहेत त्या मुलांनी ही हकीकत घरी अवश्य सांगावी.

याच यंत्राचा आपल्याकडे काय उपयोग केला गेला हेही लपवण्यात अर्थ नाही. मुलगी आहे असे कळले की गर्भ पाडायचा, यासाठी सोनोग्राफी वापरली गेली. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला, पुढे १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशी पाटी असते ती त्यामुळेच.

आता उपचाराकडे येऊ. तपासणीत ध्वनी शरीरातून नुसता जाऊन परत येतो, त्याची तीव्रता कमी असते. उपचारात तोच ध्वनी एका बिंदूवर एकवटतात. भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा खेळ प्रत्येक मुलाने केलेला असतो. भिंगावर पडणारे ऊन कोमट असते, भिंग आणि कागद यांच्या मधल्या हवेत हात घातला तरी विशेष चटका बसत नाही, पण जेथे सगळे किरण एकत्र येतात तेथे कागद पेटतो. वाटीच्या आकाराच्या प्रोबमधून निघालेला ध्वनीही असाच एका ठिकाणी जमतो. वाटेतल्या कातडीला आणि मांसाला थोडी ऊब लागते आणि केंद्रबिंदूवर काही सेकंदांत तापमान ५५-६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. एवढ्या उष्णतेत पेशी मरतात. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते, तसेच काहीसे आत घडते. हा केंद्रबिंदू किती लहान असू शकतो? शरीरातील मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर. दहा लाख कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी त्यावरून दीड मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा भाग नेमका भाजता येतो. कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीने हे जमणार नाही, कारण त्याची तरंगलांबी वीतभर, हातभर असते.

ध्वनी इजा करू शकतो हे फार पूर्वी लक्षात आले होते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास पाण्यात जोरदार श्राव्यातीत ध्वनी सोडला, तेव्हा झोतात आलेले मासे मेले आणि पाण्यात हात घातल्यावर वेदना झाल्या. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लिन आणि सहकाऱ्यांनी हा ध्वनी एकवटून वरचा भाग शाबूत ठेवत आत खोलवर जखम करून दाखवली. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी मेंदूवर प्रयोग केले. पण कवटीचे हाड मध्ये येई. ते ध्वनी शोषून घेते आणि वेडावाकडा वळवते, म्हणून कवटीचा तुकडा आधी काढावा लागे. मग चिरा न देता उपचार कसला? शिवाय आत नेमके कोठे तापले हे बाहेरून कळत नव्हते. ही विद्या पुढे कित्येक वर्षे मागे पडली ती या दोन अडचणींमुळे.

दुसरी अडचण एम.आर.आय.ने सोडवली. या यंत्रात शरीराच्या आतील भागाचे चित्र तर दिसतेच, पण कोठे किती अंश तापले हेही उपचार चालू असताना मोजता येते. पहिली अडचण सोडवण्याची युक्ती आम्हाला फार आवडते. एका मोठ्या प्रोबऐवजी डोक्याभोवती टोपासारखे १,०२४ छोटे प्रोब लावतात. समजा, आपल्या मैदानात शंभर मुले वेगवेगळ्या अंतरावर उभी आहेत आणि सर्वांनी ध्वजस्तंभापाशी एकाच क्षणी पोचायचे आहे. तर ज्याला दुरून यायचे त्याने आधी निघायचे आणि जवळच्याने थांबायचे. कवटी कोठे जाड, कोठे पातळ असते, आणि हाडातून ध्वनी जास्त वेगाने जातो. आधी सी.टी. स्कॅन काढून प्रत्येक प्रोबला किती उशिरा सुटायचे याचा हिशेब संगणक करतो. सगळ्या लहरी मेंदूतील एका बिंदूवर एकाच वेळी पोचतात. कवटी तापू नये म्हणून टोपात थंड पाणी फिरवत ठेवतात. रुग्णाचे डोके मात्र पूर्ण भादरावे लागते, कारण केसांत हवा अडकते. ग्रीस आणि जेलीचा धडा येथेही लागू पडतो!

याचा उपयोग हात थरथरण्याच्या विकारात होतो. आपल्या आजी-आजोबांपैकी काहींना चहाची बशी धरता येत नाही, सही करता येत नाही, आणि घरचे लोक 'वय झाले' म्हणून सोडून देतात. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. जेफ्री इलायस आणि इतरांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ७६ रुग्ण होते. ५६ जणांवर खरा उपचार केला आणि २० जणांना यंत्रात झोपवून नुसता देखावा केला. देखावा का, असे मुले विचारतात. उपचार झाला या समजुतीनेही माणसाला बरे वाटू लागते, तेवढे वजा करून खरा गुण किती हे पाहायचे असते. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात थरथरीचे गुण सरासरी १८.१ वरून ९.६ वर आले. देखाव्याच्या गटात १६.० चे १५.८ झाले. उपचाराच्या वेळी रुग्ण जागा असतो. मधूनमधून त्याला कागदावर चकलीसारखी रेघ काढायला सांगतात आणि ती सरळ होत जाताना दिसते.

पण त्याच अहवालात हेही आहे की ३६ टक्के रुग्णांना चालताना त्रास झाला आणि ३८ टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या. वर्षानंतरही अनुक्रमे ९ आणि १४ टक्के रुग्णांत हा त्रास राहिला. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. चिरा नाही, टाके नाहीत, म्हणून काही जोखीम नाही असे जाहिरातींतून भासवले जाते. जखम असतेच, फक्त ती आत असते आणि मेंदूतील तो दाण्याएवढा भाग कायमचा नष्ट केलेला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपाच्या विकारासाठी या उपचाराला २०१६ मध्ये परवानगी दिली. आपल्या देशात कोइंबतूरच्या रॉयल केअर रुग्णालयात तो सुरू झाला आहे.

मुतखड्याविषयी थोडक्यात. वडोदऱ्यात आपण त्याला पथरीच म्हणतो आणि गुजरातेत ती घरोघरी आहे. 'लेसरने पथरी फोडली', 'सोनोग्राफीने फोडली' असे लोक सरसकट म्हणतात, शाळेच्या पुस्तकातही श्राव्यातीत ध्वनीने खडा फोडतात असे असते. बाहेरून खडा फोडण्याच्या पद्धतीत खरे तर एकेक सुटा, जोरदार धक्का असतो, अखंड चालणारा ध्वनी नसतो. विमाने बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीत पावसाचे थेंब वेगवान विमानावर आदळून काय होते याचा अभ्यास चालला होता, त्यातून ही कल्पना निघाली. पहिल्या रुग्णावर ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे डॉ. ख्रिश्चन शौसी यांनी उपचार केला. आपल्या जवळ नडियादला मूळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून मूत्रविकारांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्यातील बरीच कुटुंबे तेथे जाऊन आली आहेत.

आता ज्या गाठींमुळे हा लेख लिहायला घेतला त्यांकडे वळू. गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या गाठींना डॉक्टर फायब्रॉईड म्हणतात. त्या बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. अनेक स्त्रियांना त्या असूनही काही त्रास होत नाही. काहींना मात्र पाळीत अतिशय रक्त जाते, पोटात दुखते, अंगातले रक्त कमी होते. या गाठींवर एम.आर.आय.च्या साहाय्याने ध्वनीचा उपचार करण्यास अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली. चीनमध्ये चोंगछिंग येथे सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली अशा उपचारांचे काम आधीपासून चालू होते. आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय स्त्रियांवर केलेल्या अशा उपचाराचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्री एम.आर.आय.च्या टेबलावर पालथी झोपते, ध्वनी सोडणारा भाग तिच्या पोटाखाली पाण्यात असतो. गाठीचा एक छोटा भाग तापवायचा, थोडे थांबायचे, मग शेजारचा भाग. असे काही तास चालते. पूर्ण भूल दिली जात नाही. नष्ट झालेली गाठ शरीर हळूहळू शोषून घेते, त्याला महिने लागतात. गर्भाशय जागेवर राहते.

सर्वांना हा उपचार चालत नाही. गाठी फार असतील, फार मोठ्या असतील, ध्वनीच्या वाटेत आतडे येत असेल, पोटावर आधीच्या ऑपरेशनचा जाड व्रण असेल, तर डॉक्टर नाही म्हणतात. कातडी भाजण्याचा, जवळच्या मज्जातंतूला इजा होण्याचा संभव असतो. काहींमध्ये गाठ पुन्हा वाढते. गरोदर स्त्रीवर तो करत नाहीत आणि पुढे मूल हवे असेल तर आधी स्पष्ट बोलून घ्यावे लागते. यंत्र महाग, म्हणून खर्च मोठा आणि केंद्रे थोडी. तेव्हा हा लेख वाचून कोणी चालू उपचार सोडून मुंबईची गाडी पकडू नये. कर्करोगात, किंवा औषधांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावात गर्भाशय काढणे हाच योग्य उपाय असू शकतो. तेथे वेळ घालवणे धोक्याचे.

पण जेथे तशी गरज नसते तेथे काय चालते? ज्या राज्यात जसलोकचे ते यंत्र बसले, त्याच राज्यातील बीड जिल्ह्याची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तरुण वयातल्या अनेक होत्या. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. कारणे वाचून मन सुन्न होते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पाळीच्या दिवसांत कामावर न गेल्यास खाड्याचे पैसे कापले जाणार. फडात संडास नाही, पाणी नाही, त्यामुळे अंगावरचे दुखणे वाढत जाते. मग 'पिशवी काढली की कर्करोगाची भीती नाही' असे कोणी सांगितले की ती बाई कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. पुढे कंबरदुखी, हाडे ठिसूळ होणे, घाम, घाबरल्यासारखे होणे या तक्रारी सुरू होतात. अंडाशयेही काढली असतील तर अधिकच.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. चाळिशीच्या आतील स्त्रीचे गर्भाशय काढले तर त्याची नोंद आणि कारण कळवावे, असे त्यांत म्हटले आहे. ही नोंद होणार आहे हे ठाऊक असलेली बाई डॉक्टरांना कारण विचारू शकते.

आपल्या घरांतल्या स्त्रिया ऊसतोडीला जात नाहीत हे खरे. पण पाळीविषयी घरात बोलायचे नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि एकदा दवाखान्यात गेले की एकाच भेटीत हो म्हणून यायचे, ही सवय मकरपुऱ्यातही आहे. आईंनी डॉक्टरांना विनासंकोच विचारावे: गाठ किती मोठी आणि नेमकी कोठे आहे? त्रास कशामुळे होतो आहे? औषधाने, फक्त गाठ काढून, किंवा गाठीचा रक्तपुरवठा बंद करून भागेल का? ध्वनीचा उपचार माझ्या गाठीला लागू पडेल का, नसेल तर का नाही? थांबले तर काय होईल? सोनोग्राफीचा रिपोर्ट स्वतःजवळ ठेवावा आणि तो घेऊन सयाजी हॉस्पिटलमध्ये किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणखी एक मत घ्यावे. वडिलांनीही बरोबर जावे. पैसे देण्यापुरते उपस्थित राहू नये.

विश्वस्त मंडळाकडे आमची विनंती आहे की, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलवावे. तेव्हा सगळ्या आया येतात, मोकळ्या असतात. वाण लुटण्याआधी अर्धा तास प्रश्नोत्तरे सहज होतील. ज्यांना नावाने विचारायचे नाही त्यांच्यासाठी ऑफिसबाहेर चिठ्ठ्यांची पेटी ठेवू.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन उदाहरणे देत आहोत, वहीत सोडवून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावीत. शरीरात ध्वनीचा वेग १,५४० मीटर प्रतिसेकंद धरावा. पहिले: सोनोग्राफीच्या प्रोबमधून सुटलेला ध्वनी गाठीवर आपटून ०.०००१ सेकंदाने परत आला, तर गाठ किती खोल आहे? (ध्वनी गेला आणि आला, हे विसरू नका. दरवर्षी निम्मा वर्ग विसरतो.) दुसरे: मेंदूच्या उपचारात ६,५०,००० हर्ट्झचा ध्वनी वापरला, तर मेंदूत त्याची तरंगलांबी किती मिलिमीटर? उत्तरे पुढील अंकात.